भिंगकाकांचा अभिप्राय

पत्र येऊन अकरा महिने झाले होते आणि भिंगकाकांनी त्याला उत्तर पाठवलं नव्हतं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं लोकांचे फोन जोडून देणाऱ्या एका बाईंनी त्या आठवणींचं पुस्तक केलं होतं. पत्रात त्यांनी लिहिलं होतं: "माझं पुस्तक पहिल्यांदा सबंध वाचलं ते तुम्ही. कसं वाटलं, खरं सांगा. दुसरं लिहून ठेवलंय. तुम्ही म्हणालात तर छापायला देईन, नाहीतर ट्रंकेत राहू दे."

अडचण अशी, की काकांनी ते पुस्तक वाचलंच नव्हतं. तपासलं होतं. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात त्यांची उभी हयात गेली. ओळीखाली पट्टी धरायची, अक्षर न् अक्षर पाहायचं, चूक दिसली की समासात खूण करायची. भिंग हे नाव तिथेच पडलं. हजारभर पुस्तकं डोळ्यांखालून गेली, पण त्यांत काय होतं असं कोणी विचारलं, की तोंडाला कुलूप. हे बाईंना कळवायचं कसं, आणि आपण कोण मोठे लागून गेलो अभिप्राय देणारे, या घोळात अकरा महिने सरले.

मग छापखान्यातला जुना सोबती रस्त्यात भेटला आणि बाई आता दुसऱ्या पुस्तकाचं नावही काढत नाहीत, असं सहज बोलून गेला. काकांनी त्याच दिवशी मनाशी पक्कं केलं. महिनाभर वाचायचं, नुसतं वाचायचं, प्रत्येक पुस्तकाबद्दल वहीत खरं तेच लिहायचं, आणि हात बसला की बाईंचं पुस्तक घ्यायचं. घरात ते आणि थोरली बहीण अक्का, अशी दोघंच. खुणा करायचा मोह नको म्हणून पेन्सिल त्यांनी अक्काच्या स्वाधीन केली.

पहिलं पुस्तक समुद्रप्रवासाचं. चार दिवसांनी अक्काने विचारलं, जहाज कुठे पोचलं? काकांना सांगता येईना. सतरा चुका मात्र पानांच्या आकड्यांसकट तोंडपाठ.

"अरे, पुस्तक वाचतोयस की गादीतले ढेकूण शोधतोयस?" अक्का म्हणाली.

काका ओशाळले, पण हटले नाहीत. पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात केली. वहीत लिहिलं: लेखकाला समुद्रापेक्षा जहाजावरचा स्वयंपाकी जास्त आवडलेला दिसतो, मलाही.

मग एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी. 'चांगली आहे' असं त्यांनी लिहिलं. अक्काने ते चष्मा सावरून वाचलं आणि चांगली म्हणजे हवा चांगली असते तशी का, असं विचारून वही परत दिली. काकांनी ओळ खोडली आणि विचार करकरून लिहिलं: सहाशे पानांत राजाला एकदाही भूक लागत नाही, त्यामुळे तो मेला तेव्हा मला काही झालं नाही. आपण फार बोललो असं वाटून त्यांना घाम फुटला. तरी ओळ तशीच ठेवली.

कवितांनी तर दमवलंच. चाळिसांतली एक कळली, पण ती अशी कळली, की खिडकीशी तासभर बसून राहिले. बाकीच्या न कळण्यात दोष माझा असेल, थोडा कवीचाही असेल, असं त्यांनी लिहिलं. मधमाश्या पाळण्याच्या रुक्ष पुस्तकात मात्र ते इतके रंगले, की शेगडीवरचं दूध उतू गेलं. अक्का रागावली नाही. पातेलं घासायला त्यांच्यापुढे ठेवलं, एवढंच.

चौथ्या आठवड्यात बाईंचं पुस्तक घेतलं. लोक फोनवर काय बोलले ते बाईंनी कुठेच लिहिलं नव्हतं. बोलण्याआधी ते कसे घुटमळले, तेवढंच लिहिलं होतं. कोणी नुसताच खोकत होता, कोणी नंबर सांगून मग नको म्हणत होता. काका पट्टीबिट्टी विसरून वाचत गेले. पण पहिलं सोडलं तर प्रत्येक प्रकरण ठेच लागल्यासारखं थांबत होतं. बाई अशा कशा अर्ध्यात सोडतात? त्यांनी माळ्यावरून त्या पुस्तकाची जपून ठेवलेली जुनी मुद्रितं काढली आणि चेहराच उतरला.

प्रत्येक प्रकरणाचं शेवटचं वाक्य एकच होतं: "थांबा, जोडून देते." चौदा प्रकरणं, चौदा वेळा. पहिलं ठेवून उरलेल्या तेरांवर काट मारलेली होती. समासात 'पुनरुक्ती' असं लिहिलं होतं आणि अक्षर काकांचं होतं. खाली बाईंनी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'तुम्ही म्हणता तर ठीक.'

जेवताना त्यांनी अक्काला सगळं सांगितलं. कळवलं तर बाई काय म्हणतील, नाही कळवलं तरी त्यांना काय कळणार आहे, असं बराच वेळ चाललं.

"त्या तुझ्यावर विसंबल्या," अक्का म्हणाली. "आता तू लपून बसलास, तर त्या समजणार, आपल्यालाच लिहिता येत नाही."

काका हात धुऊन टेबलाशी बसले आणि एका बैठकीत पत्र लिहून काढलं.

"बाई, तुमचं पुस्तक मी आत्ता वाचलं. तेव्हा नुसतं तपासलं होतं. प्रकरणांची शेवटची वाक्यं मी कापली, ती माझी चूक. त्यांच्यावाचून तुमची माणसं फोन कानाला लावून ताटकळत राहिली आहेत. पुढच्या आवृत्तीत ती परत घाला. प्रकाशकांना मी स्वतः सांगतो. पुस्तक मला आवडलं. आठवं प्रकरण लांबलं आहे. दुसरं ट्रंकेतून काढा आणि छापायला द्या. माझ्यासारख्याने कुठे काट मारली आणि तुम्हाला पटलं नाही, तर ठीक म्हणू नका."

उद्या टाक की, असं अक्का म्हणत होती. काका चपला घालून निघालेसुद्धा. टपालपेटीपर्यंतच्या वाटेवर दोनदा त्यांच्या मनात आलं, की आठव्या प्रकरणाचं ते वाक्य काढावं. तिसऱ्यांदा आलं तेव्हा पाकीट पेटीत पडलेलं होतं.