बाजूच्याने सांगायचं

"मॅडम, कॉपी म्हणजे कशी, मान खाली घालून, चोरून. तुमच्या पोरांनी तं मोठ्यानं केली!" केंद्रप्रमुख कृष्णकांत सरांना रागवावं की हसावं तेच कळेना. "पर्यवेक्षक बिचारा दारात उभा, अन् पोरं एकमेकाइले उत्तरं सांगून राहिली."

मुख्याध्यापिका पुष्पलताबाई खुर्चीत अंग चोरून बसल्या होत्या. चूक कुठून शिरली ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. ती सवय त्यांच्याच व्हरांड्यात लागलेली होती.

लकडगंजच्या मागच्या वस्तीतली ही सरकारी शाळा. इथले आईबाप लाकडाच्या वखारीत राबणारे. प्रगतिपुस्तकातून त्यांना काही उमजत नसे, आणि शाळेत येऊन विचारायची छाती होत नसे. म्हणून बाईंनी शनिवारची सभा सुरू केली. महिन्यातून एकदा मुलांनी व्हरांड्यात बसायचं आणि वस्तीने विचारायचं. कुणी विजेचं बिल पुढे करी, कुणी औषधाची बाटली. पहिल्याच सभेत अश्लेषा नावाची मुलगी अडली आणि रडकुंडीला आली. तेव्हा वखारीत फळ्या रचणाऱ्या कांताबाई म्हणाल्या, "रडून काहून राहिली वं? फळी जड झाली तं बाजूचा हात लावते. सांगा रे तिले कोणी!"

शेजारी बसलेल्या त्यांच्याच नातीने, दीक्षाने, सांगितलं. तेव्हापासून नियमच पडला. अडलं की बाजूच्याने सांगायचं, आणि मग अडलेल्याने स्वतः करून दाखवायचं.

सभा काही गोडगोड नव्हती बरं का. भागाकार कच्चा दिसला तेव्हा कांताबाईंनी चारचौघांत बाईंनाच धारेवर धरलं होतं. "पोराइले काहून येत नाही? तुमी शिकवून राहिल्या का नाही?" एवढं कुठल्या साहेबाचं बोलणं बाईंना कधी लागलं नव्हतं. पुढच्या सभेपर्यंत पोरांना भागाकार येत होता.

आणि आता वरून आलेल्या परीक्षेत अश्लेषा अडली, दीक्षाने सवयीने सांगितलं, आणि बघता बघता सगळा वर्ग बोलू लागला.

"निकाल रद्द झाला तं शाळेले शेवटची श्रेणी," कृष्णकांत म्हणाले. "अन् शेवटची श्रेणी म्हणजे शाळा बंद, पोरं रेल्वे फाटकापलीकडच्या शाळेत. एकच रस्ता आहे. कॉपी झाली असं लिहून द्या, पोराइले ताकीद द्या. मी फेरपरीक्षा लावून देतो."

"सर, एकदा आमच्या सभेला येऊन बसा ना. पोरांना काय येतं ते तिथे दिसेल तुम्हाला."

"येईन. मले आवडीनही. पण ते भरू कुठं मी? त्याचा रकानाच नाही." त्यांचा आवाज उतरला. "माझ्याही डोक्यावर साहेब आहे, मॅडम."

फाटकापलीकडे या वस्तीने पोरी पाठवल्या नसत्या. दीक्षा आणि अश्लेषा कायमच्या घरी बसल्या असत्या. सही नाकारून बाईंना ताठ मानेने दूर बेसा भागातल्या आपल्या फ्लॅटवर जाता आलं असतं, पण भोगलं असतं या पोरींनी. बाईंनी कागद पुढे ओढून घेतला. त्यांनी सही केली.

मग वर्गात जाऊन त्या म्हणाल्या, "परीक्षेत कुणी कुणाला सांगायचं नाही. सांगणं ही चोरी आहे."

दीक्षा उभी राहिली. "बाई, मी चोरी केली का?"

नाही म्हणावं असं बाईंना फार फार वाटलं. पण नाही म्हटलं तर फेरपरीक्षेतही ही पोर तोंड उघडणार.

"हो," बाई म्हणाल्या.

फेरपरीक्षा झाली. मुलं लांब लांब बसली आणि वर्गात कुणी चकार शब्द काढला नाही. श्रेणी चांगली आली, शाळा वाचली. कृष्णकांत सरांनी पेढे धाडले. पुढच्या सभेला वस्तीने तर्री-पोहे केले आणि कांताबाई हौसेने वखारीतून एक फळीच घेऊन आल्या.

"अश्लेषा, ही माप. अन् सांग, चार सारखे तुकडे केले तं एक केवढा?"

अश्लेषाने फळी मापली. पाटीवर आकडा मांडला आणि ती अडली.

"दीक्षे, सांग ना वं तिले. बाजूलेच तं बसली!"

दीक्षाला येत होतं, तिच्या डोळ्यांत ते दिसत होतं. पण तिने तोंडावर हात ठेवला आणि बाईंकडे पाहिलं. मग एकेक करत सगळ्याच मुलांनी बाईंकडे पाहिलं.

"सांग, दीक्षा," बाई घाईने म्हणाल्या. "इथे चालतं गं. इथे चोरी नाही."

दीक्षाने नाही म्हणून मान हलवली.

"काय झालं पोराइले?" कांताबाईंनी विचारलं. त्या बाईंकडेच बघत होत्या. पोरांचा जाब आजवर बाईंनी कधी चुकवला नव्हता. आज त्यांनी नजर फळीकडे वळवली.

तेवढ्यात अश्लेषा उठली. कुणी काही न सांगताच तिने आपलं बसकर दीक्षापासून लांब ओढलं, आणि पाटीवर हात आडवा धरून ती पुन्हा खाली बसली.