आपण शोधतोय

सरांना एकच ध्यास लागला होता. जनसंपर्क म्हणजे नुसतं गोड बोलून वेळ मारून नेणं नव्हे, हे पोरांच्या डोक्यात शिरलंच पाहिजे. म्हणून त्यांनी या पेशातली तीन तऱ्हांची माणसं दुपारी सभागृहात आणून बसवली: रुग्णालयाचे एक काका, प्राणिसंग्रहालयातला एक तरुण आणि बोटींच्या कंपनीतल्या एक बाई. ओळख करून देतानाच सरांनी नमनाला घडाभर तेल जाळलं, ती गोष्ट वेगळी.

वेळ मोठी पेंगुळलेली होती. पडदे फुगत होते, उन्हाचे कवडसे भिंतीवर पाण्यासारखे हलत होते. काका सांगत होते, "बायकोने ‘कसे आहात’ विचारलं तरी माझ्या तोंडून ‘प्रकृती स्थिर आहे’ असंच निघतं." तरुण म्हणाला, त्यांचा म्हातारा पाणघोडा गेला तेव्हा लोक फोनवर हमसून रडायचे आणि स्वतःचं रडू गिळून यालाच त्यांची समजूत काढावी लागायची. पोरं हसत होती. खिडकीपाशी बसलेल्या एका मुलीला मात्र यातलं निम्मंच ऐकू येत होतं. बोटींच्या कंपनीचं नाव कानावर पडल्यापासून तिचा जीव टांगणीला लागला होता.

तिचे बाबा त्याच कंपनीच्या बोटीवर इंजिन सांभाळायचे. चार वर्षांपूर्वी बोट वादळात सापडली. मग रोज संध्याकाळी कंपनीतून एका बाईचा फोन यायचा. मुलगी तो उचलायची, आवाज मोठा करून आईपुढे धरायची. "आम्ही शोधतोय," आवाज सांगायचा. शेवटच्या संध्याकाळी मात्र तो म्हणाला, "आपण शोधतोय." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कळवलं, शोध थांबवला.

त्या एका शब्दावरून घरात अजून दोन पक्ष होते. मावशी म्हणायची, "सगळं ठाऊक असून लाडीगोडी लावली हो तिने. पगार त्याचाच घेते." आई नुसतं "बाई मायाळू होती" म्हणायची. मुलगी या अभ्यासाला आली ती त्या शब्दापायीच. तो खोटा निघाला तर उद्यापासून वर्गाचं तोंड बघायचं नाही, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

बाई उभ्या राहिल्या, बोलू लागल्या. तोच आवाज! मुलीला वाटलं, सगळं सभागृहच हलकेच पाण्याखाली गेलंय. खुर्च्या, पंखे, सरांचं टक्कल, सगळं संथपणे तरंगतंय आणि वरून कुणीतरी हाका मारतंय.

"एक लक्षात ठेवा," बाई म्हणत होत्या, "कंपनी कायम ‘आम्ही’, लोक कायम ‘तुम्ही’. ‘आपण’ म्हटलंत की दोघांमधली भिंत पडते आणि वकील कपाळाला हात लावतात. मी ती चूक एकदाच केली. साहेबांनी असं झापलं की विचारू नका."

चहाच्या वेळी मुलगी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. मग तिने बाबांच्या बोटीचं नाव घेतलं.

बाईंनी कप खाली ठेवला. "तू ती," त्या म्हणाल्या. "फोनवर नुसतं ‘हं’ म्हणायचीस."

"तुम्ही ‘आपण’ म्हणालात तेव्हा शोध चालू होता का?"

"नाही गं. दुपारीच थांबला होता. सकाळपर्यंत सांगायचं नाही, असा वरून हुकूम होता. माझ्यापुढच्या कागदावर ‘आम्ही शोधतोय’ असंच होतं. ते मला वाचवेना. आम्ही कुठे शोधत होतो? पण तू शोधत होतीस, तुझी आई शोधत होती, मीही खिडकीतून समुद्राकडेच बघत होते. तेवढंच खरं होतं, तेवढं बोलले."

"तरी सांगायला हवं होतं तुम्ही."

"हो," बाई म्हणाल्या. "हवं होतं."

मुलीला राग आला, रडू आलं आणि त्या बाईंची मायाही वाटली, सगळं एकदम. ती बाहेर जिन्यात येऊन बसली. आता आईला काय सांगायचं? चार वर्षं ज्या शब्दावर आईने दिवस काढले, तो तिच्या हातून काढून घ्यायचा? गप्प राहिलं तर कुणाला कळणार होतं? पण गप्प राहिलं तर आपणही त्या हुकूम सोडणाऱ्यांतलेच, हे तिला कळत होतं. तिने फोन लावला.

"आई, त्या फोनवाल्या बाई भेटल्या. शोध दुपारीच थांबला होता गं."

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला.

"ठाऊक आहे मला," आई म्हणाली. "इतके दिवस ‘आम्ही, आम्ही’ करणारी कंपनी एकदम ‘आपण’ म्हणाली. तेव्हाच मी समजले, आता शोधणारं दुसरं कुणी उरलं नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"तो शब्द ऐकून तुला झोप लागली होती गं, किती दिवसांनी. मला उठववेना."