कोऱ्या वाटीतलं दही

लकडगंजातल्या त्या कॉलेजची प्रयोगशाळा एप्रिलात इतकी तापायची, की सूक्ष्मदर्शकाखालचा अमीबा सरकत सरकत काचेच्या सावलीच्या कडेला जाऊन बसायचा. खोटं वाटत असेल तर मुकुंद सरांना विचारा. बारा वर्षं ते तिथे तासिकेवर जीवशास्त्र शिकवत होते, आणि त्या अमीबाइतकी हक्काची जागाही त्यांना मिळाली नव्हती.

यंदा जागा निघाली. निवड समितीपुढे एक पाठ घ्यायचा. जमला तर नोकरी पक्की, फसला तर वय उलटून सर कायमचे बाहेर. सरांनी विषय लिहून दिला, प्रयोगात तुलनेसाठी कोरी बाजू का लागते. सामान घरचंच. दोन वाट्या, एकाच पातेल्यातलं उकळलेलं दूध, एकच फडताळ. एकीत विरजण, दुसरी कोरी. सकाळी पहिलीत दही, दुसरीत दूध. म्हणजे करामत विरजणातल्या जिवाणूंची. दुधातली साखर खाऊन ते आम्ल करतात, त्यानं दूध थिजतं.

घरी करून पाहिलं, तर सकाळी दोन्ही वाट्यांत दही.

भांड्यात काही चिकटून राहिलं असेल म्हणून सरांनी वाट्या इतक्या उकळल्या, की त्यांवरचं आजोबांचं कोरलेलं नाव पुसट झालं. दूध दुसऱ्या डेअरीचं आणलं. पुन्हा दही, तेही असं की सुरीला धार लावून घ्यावी. सरांचा आता पुस्तकावरचाच विश्वास उडाला. चुकतंय कुठे ते कळेना, आणि लिहून दिलेला विषय बदलता येईना.

त्यांना लहानाचं मोठं केलेल्या यमुताई काकू तोंड काहून उतरलं म्हणून विचारत होत्या. सर उन्हावर ढकलायचे. काम पार पडेपर्यंत त्याचं नाव काढायचं नाही, दृष्ट लागते, हा काकूंचाच दंडक होता.

पाठाच्या दिवशी कोऱ्या वाटीचं झाकण उघडायची सरांची छाती झाली नाही. वाट्यांचा डबा स्कूटरवर पायाशी ठेवून ते निघाले आणि प्रत्येक वळणावर कान देत राहिले. आत काहीच डुचमळत नव्हतं.

समितीच्या अध्यक्षा अरुंधती मॅडमनी स्वतः झाकण उचललं. दही. मागच्या बाकावरचं कुणी पोर फिसकन हसलं. काहीतरी करायचं म्हणून त्यांनी वाटीत चमचा फिरवला, तर तळातून वर आला लाल मिरचीचा देठ.

विरजण संपलं की घरोघरी बाया दुधात मिरचीचा देठ टाकतात. त्याच्यावरही ते जिवाणू असतातच. देठ कुठून पडला असेल, कोण जाणे, असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. सरांनी देठ चिमट्यात धरून पोरांना दाखवला.

"मॅडम, दूध, वाटी, फडताळ, सगळं मी सारखं ठेवलं. घरचं माणूस हिशेबात धरायचं राहिलं. या दह्यावरून मला काहीच सिद्ध करता येत नाही."

मॅडमनी तो देठ कागदावर ठेवून घेतला. "उद्या अकराला पुन्हा घ्या. उद्याही दही निघालं, तर मी दुसऱ्याला बोलावते."

घरी येऊन सरांनी दंडक मोडला आणि सगळं सांगून टाकलं. काकू मटकन खाली बसल्या.

"मले वाटलं, तू विसरून राहिला. एकीले विरजण अन् दुसरी तशीच? भरल्या घरात वाटी उपाशी ठेवतात का गा? विरजण तूच संपवलं, म्हणून देठ टाकला. एक शब्द बोलला असता त?"

"काम होईपर्यंत बोलू नको, हे तूच म्हणते ना काकू."

रात्री सरांनी पुन्हा दोन्ही वाट्या भरून झाकल्यावर काकू लाटणं घेऊन फडताळापुढे स्टूल टाकून बसल्या. पाल आली, तिला तिच्या आईबापावरून बोल लावून परत पाठवलं. मुंग्यांची रांग स्टुलापाशी आली, लाटण्याकडे बघून थबकली आणि थेट गांधीबागेकडे वळली. सरांनी जवळ यायचा प्रयत्न केला, तर त्यांनाही पालीचीच वाट दाखवली.

सकाळी सर स्कूटरवर निघाले. कोपऱ्यावरच्या खड्ड्यात चाक गेलं आणि डब्यातून आवाज आला, डुबुक.

पुढचा खड्डा सरांनी मुद्दाम घेतला.