डाव्या हाताचं टेबल

कोट बिनबटणाचा गेला, हे मास्तरांना दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं.

"मास्तर, हे काय आहे?" मालकीणबाईंनी कोट त्यांच्या शिलाई मशीनवर टाकला. "गिऱ्हाईक लग्नाला निघालं होतं. अंगात घालून बघतो तर बटणं नाहीत. आणि बटणं कुठे, तर खिशात. पुडी बांधून ठेवलेली."

मास्तर पुडीकडे बघत राहिले. ती त्यांनीच बांधली होती.

"गेल्या सोमवारी त्या पँटचंही हेच. खाली नुसता कच्चा टाका. माणूस ऑफिसचा जिना चढताना घडीत पाय अडकून पडता पडता वाचला. मी भरवशावर न बघता इस्त्री मारली, हे माझंही चुकलं. पण एकतीस वर्षं दुकान चालवलं म्हणता ना तुम्ही? का उगीच सांगितलंत?"

"चालवलं."

"मग बटण कोण लावायचं तिथे?"

"घरचे लावायचे."

"घरचे म्हणजे?"

"बायको."

"मग घ्या बोलावून तिला," बाई म्हणाल्या. "इथे माझ्याकडे काही ती बसलेली नाही."

"ती गेली. आठ महिने झाले."

बाईंनी कोटाची घडी घातली. त्याही वीस वर्षांपूर्वी या देशात एका बॅगेनिशी आल्या होत्या, आपल्याच भाषेच्या होत्या, आणि तोंडाने फटकळ असल्या तरी मनात काही ठेवत नसत. कपडे धुऊन, अल्टर करून देण्याचं हे दुकान त्यांनी एकटीने उभं केलं होतं. मास्तरांना त्यांनी महिनाभर काम बघण्यापुरतं ठेवलं होतं. त्यातले अठरा दिवस गेले होते.

"वाईट झालं," बाई म्हणाल्या. "पण मास्तर, गिऱ्हाइकाला हे सांगता येत नाही. सोमवारी सकाळी कोट पुरा करून माझ्या हातात द्या. नाही जमलं तर नाही म्हणून सांगा. मी दुसरं कोणी बघेन."

मास्तरांनी कोट पिशवीत घातला.

तिकडे आपल्या दुकानात मास्तर कापायचे आणि मशीन मारायचे. बायको डाव्या हाताला स्टुलावर बसायची. हातशिलाई सगळी तिची. तुरपाई, बटणं, शेवटी कच्चे टाके काढून दोरे झटकणं. मास्तर मान वर न करता कपडा डावीकडे सरकवायचे, आणि तो तिकडून पुरा होऊन खुंटीला लागायचा. एकतीस वर्षांत "हे घे" असंही कधी म्हणावं लागलं नाही. इथे डाव्या हाताला टेबल होतं, आणि त्या टेबलावर ठेवलेला कपडा झालेला समजून बाई इस्त्रीला घेत. मास्तर विमानात बसून आले, पण हाताला कोणी सांगितलं नव्हतं.

काम गेलं तर काय, हे त्यांना बसमध्ये बसल्या बसल्या दिसत होतं. मागे दुकान दिलं, घर मोडलं. पुढे लेकीच्या घरातला सोफा. जावई चांगला होता, हेच अवघड होतं. तो रोज विचारायचा, "बाबा, कंटाळा आला का?" आणि मास्तर रोज म्हणायचे, "छे." सुरुवातीचे दोन महिने ते त्या सोफ्यावर बसून होते. घरजावई ऐकला होता, घरसासरा आपणच पहिले, असं एकदा ते गमतीने म्हणाले, तर लेक रडली.

रविवारी दुपारी त्यांनी ओट्याजवळच्या टेबलावर कोट पसरला. बटण लावायला काय, वाटलं होतं पाच मिनिटांचं काम. पण बटण कापडाला असं घट्ट चिकटलं की काजात जाईना. उसवलं. दुसऱ्या वेळी दोरा गुंतला. तिसऱ्या वेळी सुई बोटात गेली.

भांडी पुसता पुसता लेक बघत होती. शेवटी तिने फडकं खांद्यावर टाकलं.

"आगकाडी घाला खाली."

"काय?"

"बटणाखाली आगकाडी घालायची आई. वरून टाके घालायचे, मग काडी काढून घ्यायची. बटण जरा उचललेलं राहतं. मग खालच्या दोऱ्याला वेढे द्यायचे, तीन-चार. त्याआधी दोरा मेणबत्तीवरून ओढायचा, म्हणजे गुंतत नाही." ती बोलता बोलता ड्रॉवर धुंडाळत होती. "बाबा, एवढी वर्षं शेजारी बसलात. एकदाही बघितलं नाहीत?"

मास्तरांनी खरंच आठवून बघितलं.

"तुझी आई होती ना. बघायचं कशाला?"

 वाढदिवसाची एक अर्धी मेणबत्ती आणि आगपेटी लेकीने टेबलावर ठेवली.

चार बटणांना संध्याकाळ झाली. कच्चे टाके काढायला आणखी अर्धा तास. मान आखडली, डोळ्यांना पाणी आलं. बायको दिवसाला तीन-तीन कोट करायची, वर स्वयंपाक. 'माझे खांदे दुखतात हो,' असं तिने एक-दोनदा म्हटल्याचं त्यांना आठवलं. आपण काय उत्तर दिलं, ते आठवेना.

सोमवारी बाईंनी कोट उजेडात धरला. एकेक बटण ओढून बघितलं, आतून हात फिरवला.

"तिसरं खाली गेलंय. दोन धाग्यांनी."

"परत लावतो."

"लावा. आणि मास्तर, त्या पँटी शनिवारपासून पडल्यात, आज दुपारपर्यंत हव्यात. उद्यापासून अर्धा तास लवकर या, तुम्हाला वेळ लागतो." एवढं बोलून त्या इस्त्रीकडे गेल्या. महिन्यातल्या उरलेल्या दिवसांचं काही बोलल्या नाहीत.

मास्तरांनी पँटींना मशीन मारलं. हात सवयीने डावीकडे गेला, आणि पँट टेबलावर ठेवणार तोच थांबला. मग ते उठले. कोपऱ्यातलं एक स्टूल ओढून त्या टेबलापाशी नेलं, मशीनच्या डाव्या बाजूला, आणि पँट मांडीवर घेऊन बसले.

"तिथे कुठे बसलात?" बाईंनी विचारलं. "खुर्ची आहे की तुम्हाला."

"हे काम इकडून बरं पडतं," मास्तर म्हणाले, आणि खिशातून मेणबत्ती काढून तिच्यावरून दोरा ओढला.

स्टुलाला पाठ नव्हती. दहा मिनिटांतच त्यांचे खांदे भरून आले.