नमुना उत्तर

सरकारी विद्यापीठाने प्रवेश परीक्षा रद्द केली आणि बाईंचा वर्ग बसला. बाकांवर नव्हे हो, खाली बसला.

बाई म्हणजे परीक्षेच्या बाई. विद्यापीठात जायचं असेल तर आधी त्यांच्या पुढच्या खोलीत जायचं, हा गावचा शिरस्ताच होता. पुढच्या खोलीत बाई शिकवायच्या, मागच्या खोलीत राहायच्या, मध्ये एक पडदा. आईचं आजारपण काढता काढता लग्न राहून गेलं, मग आईही गेली. भाऊ लांब परदेशात. महिन्यातून एकदा फोन करायचा, तीन वेळा "बाकी काय?" विचारायचा आणि ठेवून द्यायचा. पण दिवेलागणीला पुढची खोली भरायची. पायरीवर चपलांचा ढीग, आत पोरांचा कलकलाट, "बाई, ह्याने माझं पेन घेतलं", "बाई, हिला सरकायला सांगा". डोकं उठतं मेलं, असं बाई म्हणायच्या. म्हणायच्या तेवढंच. एखाद्या दिवशी पोरं लवकर गेली तर त्याच दारापर्यंत जाऊन बघायच्या, कुणी काही विसरलं म्हणून परत येतंय का.

त्यांची सराव परीक्षा घ्यायची तऱ्हा न्यारी होती. घड्याळ टेबलावर ठेवायच्या, खुर्ची फिरवायच्या आणि पोरांकडे पाठ करून बसायच्या. "ज्याला बघून लिहायचंय त्याने खुशाल लिहा. मी काही पोलीस नाही." आणि कुणी बघून लिहायचं नाही, हे विशेष. शेवटी, मान न वळवता, बाई एवढंच म्हणायच्या, "शेवटची दहा मिनिटं." की लागलीच सगळी पेनं पळायला लागायची. त्यांचे जुने विद्यार्थी, पोट सुटलेले, केस गळलेले, बाजारात दिसले की लांबूनच ओरडायचे, "बाई, शेवटची दहा मिनिटं!" आणि बाई भाजीची पिशवी उगारायच्या.

तर विद्यापीठाने जाहीर केलं, की परीक्षेत मुलाची हुशारी दिसत नाही, शिकवणी दिसते. यापुढे शाळेचे गुण बरे असले की पुरे. मग मुलाला बोलवायचं, दोन अनोळखी माणसांनी त्याच्यासमोर बसायचं, अर्धा तास गप्पा मारायच्या आणि घ्यायचं की नाही ते ठरवायचं. पाठ केलेली उत्तरं नकोत, तुम्ही जग कसं पाहता ते सांगा.

"जग कसं पाहता म्हणे! डोळ्यांनी!" बाई कडाडल्या. पण खोटं कशाला बोला, मनातून त्यांना पटलं होतं. उत्तर तोंडपाठ आणि प्रश्नाचा पत्ता नाही, अशी कितीतरी पोरं त्यांनीच विद्यापीठात धाडली होती. आणि प्रश्न अचूक विचारणारी काही, घड्याळाच्या धाकाने हात थरथरले म्हणून घरी बसली होती. बदल बरोबरच होता. पण बरोबर असलेल्या गोष्टीने संध्याकाळ थोडीच भरते?

पोरं गळत गेली. रस्त्यापलीकडे दुसऱ्या एका सरांचा वर्ग होता. त्यांचा आवाज असा, की शिकवायला लागले की कोपऱ्यावरचं कुत्रं उठून जायचं. पोरं त्यांना भोंगेसर म्हणायची. वारा येईल तशी पाठ द्यावी ती भोंगेसरांनी. परीक्षेची पाटी उतरवली, 'संवाद वर्ग' अशी नवी लावली आणि बाईंची पोरं रस्ता ओलांडून गेली.

राहिली एकटी टाचणी. टाचणी म्हणजे कोपऱ्यावरच्या टेलरची मुलगी. काडीसारखी बारीक, बोलायला लावलं की जमिनीकडे बघणारी, पण एकदा एखादी गोष्ट टोचली की हलायची नाही. नाव बाईंनीच ठेवलेलं.

"तू का गं थांबलीस?" बाईंनी विचारलं.

"तिकडे कान दुखतात," टाचणी म्हणाली.

बाईंनी पदर खोचला. हिला विद्यापीठात धाडायचंच. हिला जागा मिळाली तर लोकांना कळेल, की बाई अजून कामाच्या आहेत, आणि पोरं परत येतील. नाही मिळाली तर ही पायरी कायमची मोकळी. आणि मग या घरात माणसाचा आवाज म्हणजे महिन्याचं ते "बाकी काय?"

पण सवय जाते कुठे! गप्पांची तयारी बाईंनी परीक्षेसारखीच घ्यायला काढली. संभाव्य प्रश्न काढले आणि प्रत्येकाचं नमुना उत्तर सांगायला बसल्या.

"लिही. मोकळ्या वेळात मी वाचन, बागकाम आणि समाजसेवा करते."

"बाई, आमच्याकडे कुंडीसुद्धा नाही."

"ते बघायला येणारेत का घरी? लिही."

टाचणीने लिहिलं, पाठ केलं, म्हणूनही दाखवलं. ऐकून बाईंनाच जांभई आली. हे काही खरं नाही, हे दोघींनाही कळत होतं. शेवटी एका संध्याकाळी पोरीने वही मिटली.

"बाई, खरं उत्तर कसं असतं ते मी कधी ऐकलंच नाही. एकदा तुम्ही द्या ना. मी विचारते."

"अगं, मी काय पोर आहे?"

"बसा ना बाकावर."

बाई हसत हसत बाकावर बसल्या. गुडघे आपटले. टाचणी त्यांच्या खुर्चीत बसली आणि तिने घसा खाकरला.

"मोकळ्या वेळात तुम्ही काय करता?"

"वाचन, बाग—"

"खरं, बाई."

बाईंनी खिडकीकडे पाहिलं. कुणी आपल्याला काही विचारून उत्तरासाठी थांबलंय, असं कितीतरी दिवसांत झालं नव्हतं. त्यामुळे असेल, पण ते बाहेर पडलं.

"तू गेलीस ना, की मी जेवायचं ताट इथे घेऊन येते. मागच्या खोलीत घास उतरत नाही. या खुर्चीत बसते, बाकांकडे पाठ करून. पहिल्यापासून तशीच बसते ना मी. आणि जेवता जेवता तोंडातून जातं, शेवटची दहा मिनिटं."

"कुणाला?"

"बाकांना."

"मग?"

"मग काय? मग भांडी घासते."

टाचणी खुदकन हसली, बाईही हसल्या. मग पोर हसायची थांबली आणि जमिनीकडे न बघता सरळ बाईंकडे बघत राहिली. बाईंना एकदम उघडं पडल्यासारखं झालं.

"चल, ऊठ माझ्या खुर्चीतून. आणि असलं काही तिथे बोलायचं नसतं हं. तिथे आदर्श व्यक्ती, देशापुढचे प्रश्न, असं बोलायचं."

टाचणी गप्पांना जाऊन आली. कसं झालं विचारलं तर खांदे उडवले. निकाल लागला त्या दिवशी मात्र ती बिस्किटांचा पुडा घेऊन धावतच पायरी चढली.

"बाई, झालं! घेतलं मला!"

बाईंनी तिला पोटाशी धरलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी. "बघ! म्हटलं नव्हतं मी? कुठलं उत्तर कामाला आलं? आदर्शाचं ना?"

"ते सगळं विसरलेच मी. मग त्यांनी विचारलं, तू पाहिलंयस पण दुसऱ्या कुणी पाहिलं नाही असं काहीतरी सांग." टाचणीचा चेहरा फुलला होता. "मग मी तुमचं सांगितलं."

"माझं काय?"

"ते बाकांचं. ताट घेऊन बसता ते. आणि ते शेवटची दहा मिनिटं. त्यातल्या एक मॅडम चष्मा काढून पुसतच बसल्या, बाई. म्हणाल्या, तुला माणूस दिसतो."

बाईंचे हात पोरीच्या पाठीवरून खाली आले. गावात इतकी वर्षं ताठ मानेने काढलेली. भावालासुद्धा कधी कळू दिलं नव्हतं. आणि ते कुठल्या कोण दोन माणसांपुढे, टेबलावर मांडून झालं होतं. राग आला, भयंकर आला. पण राग यायच्या आधी एक वेडी गोष्टही मनात येऊन गेली होती, की कुणीतरी आपल्यासाठी चष्मा पुसला.

"चुकलं का माझं?" टाचणीने हळूच विचारलं.

बाई जन्मभर एकच न्याय शिकवत आल्या होत्या, गुण मिळवून देतं ते उत्तर बरोबर.

"छे गं. जागा मिळाली ना? मग बरोबर." त्यांनी पुडा फोडला. "कधी निघणार?"

"परवा. वसतिगृहावर."

तिसऱ्या दिवशी टाचणी गेली. पाया पडायला वाकली तर बाई ओरडल्या, "आधी गाडी गाठ!" आणि ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत पायरीवर उभ्या राहिल्या.

इकडे टेलरच्या आनंदाला पारावार नव्हता. येईल त्या गिऱ्हाइकाला, गळ्याची मापं घेता घेता, तो सगळी कहाणी ऐकवायचा. पोरीने काय सांगितलं, बाई कशा बसतात, मॅडम कशा रडल्या. गिऱ्हाईक मापाच्या फितीत अडकलेलं, ऐकल्यावाचून जातं कुठे! त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. भोंगेसरसुद्धा पँट सैल करून घ्यायला गेले होते, त्यांनीही ऐकली.

आणि एका संध्याकाळी बाईंच्या पायरीवर चपला दिसल्या. एक जोड, तीन जोड, मग मोजायची सोयच नाही. आई, बाप, पोरं, सगळे आत. बाकं भरली, खिडकीचा कठडा भरला. "बाई, जरा सरकायला सांगा ना ह्यांना." बाईंना भडभडून आलं. पडद्याआड जाऊन त्यांनी तोंड धुतलं, नीटनेटकी साडी नेसल्या आणि खडू घेऊन बाहेर आल्या.

"बाई," पहिल्या बाकावरची एक आई म्हणाली, "बाकी काही शिकवू नका. त्या टेलरच्या मुलीने जे उत्तर दिलं, तेवढं आमच्या पोरांना लिहून द्या."

"हो हो, तेच," मागून आवाज आले. पोरांनी वह्या उघडल्या.

बाईंनी खोलीभर पाहिलं. एवढी माणसं! चार वाक्यांचं तर काम. चार वाक्यं सांगायची आणि उद्यापासून रोज अशी खोली भरणार. कलकलाट, चपला, सगळं परत येणार.

"लिहा," बाई म्हणाल्या. पेनं टेकली. "आमच्या एक बाई होत्या."

पहिल्या बाकावरच्या पोराने ते लिहिलं आणि वर पाहिलं. तोंडाचा आ, पेन तयार. पुढचं वाक्य काय येतंय याची नुसती वाट बघत होता. त्या बाई समोर उभ्या आहेत, हे त्याच्या गावीही नव्हतं.

बाईंनी खडू ठेवला.

"पेनं खाली ठेवा. ते उत्तर तिचं होतं. तुझं काय? तू काय पाहिलंयस रे, ते सांग मला. आपण त्यावर तयारी करू."

पोर आईकडे बघायला लागलं.

"तो काय पाहणार?" आई म्हणाली. "सकाळपासून अभ्यासाला बसलेला असतो. मान वर करू देत नाही मी त्याला."

"मग जरा करू द्या."

"अहो बाई, द्यायचं नसेल तर सरळ सांगा ना! उगाच आढेवेढे कशाला?"

कुणीतरी उठलं, की सगळे उठतात. पायरीवरच्या चपला बघता बघता निघाल्या आणि रस्ता ओलांडून गेल्या. एकाची वही राहिली होती. बाई ती हातात धरून दारात थांबल्या. मग त्या पोराचा बाप आला, वही घेतली आणि रस्ता ओलांडून गेला.

बाईंनी भात टाकला. ताट वाढून पुढच्या खोलीत आणलं, खुर्चीत बसल्या, बाकांकडे पाठ. समोर खिडकी, खिडकीपलीकडे रस्ता, रस्त्यापलीकडे भोंगेसरांचा वर्ग. दारं लावली तरी तो आवाज थांबायचा नाही.

"घ्या लिहून! माझ्या एक शिक्षिका होत्या. पूर्णविराम. त्या अत्यंत एकाकी होत्या. पूर्णविराम. त्यांना जगात कोणीही नव्हतं."

बाईंचा घास हातातच राहिला.

"दररोज जेवताना त्या रिकाम्या बाकांना म्हणत, शेवटची पाच मिनिटं! इथे आवाज जरा कापरा करायचा. म्हणा माझ्यामागून."

"शेवटची पाच मिनिटं," समोर खोलीभर पोरं एका सुरात म्हणाली. त्यातले निम्मे आवाज बाईंच्या ओळखीचे होते.

"दहा," बाई म्हणाल्या.

"आणखी एकदा!"

"शेवटची पाच मिनिटं."

बाई ताडकन उठल्या, खिडकीशी गेल्या आणि वर्गात लावायच्या तो आवाज लावून ओरडल्या, "दहा रे! दहा!"

पलीकडे कुणी मान वळवली नाही. तिकडे तिसऱ्यांदा घोकंपट्टी सुरू झाली होती. बाई थोडा वेळ गज धरून उभ्या राहिल्या. मग परत येऊन बसल्या, पण बसताना खुर्ची फिरवली आणि पहिल्यांदाच बाकांकडे तोंड केलं.

"पाच नाही," त्यांनी बाकांना सांगितलं. "दहा."

ताटातलं जेवण निवलं होतं. ते त्यांनी संपवलं. मग भांडी घासायला घेतली.