लाल बटणावरचं झाकण

रोबो स्पर्धेचे नियम तुम्ही आयोजकांनी लिहिलेत, आणि अर्थ विचारला तेव्हा तोंडाला कुलूप लावून बसलात. गहिनीनाथ सरांनी तीन ईमेल केले, दोनदा फोन लावला. उत्तर मिळालं ते थेट स्पर्धेच्या दिवशी, संगमनेरच्या कॉलेजात.

तिसगावच्या शाळेतून सर चार पोरं टेम्पोत घालून आले होते. रोबो जोडला होता दहावीतल्या सिमरनने. पुढच्या वर्षी ती शाळेत नसणार; तिच्यासाठी हीच एक स्पर्धा. तिचे अब्बा विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करतात. चुलता ओल्या हाताने उघड्या स्टार्टरला चिकटला, तेव्हापासून त्या घरात झाकणाशिवाय काही नसतं. म्हणून पोरीने रोबो थांबवायचं लाल बटणसुद्धा तारांबरोबर पत्र्याच्या डब्यात घातलं आणि वर बिजागरीचं झाकण लावलं.

तपासणीच्या टेबलावरचा परीक्षक म्हणाला, "नियम सात. बटण चटकन दाबता आलं पाहिजे. तुम्ही झाकण उघडेपर्यंत कुणाचं बोट जाईल. काढा ते."

सरांना पटलं. झाकण निघालं. परत रांगेच्या शेपटाला. दीड तास.

आता टेबलावर दुसरेच साहेब. "नियम अकरा. उघड्या तारा चालत नाहीत. झाका."

"सर, मघाशी तुमीच काढाय लावलं," सिमरन म्हणाली.

"मी नाही लावलं. नियम वाचून यायचं असतं."

सर मटकन पायरीवर बसले. 

"रोबोपेक्षा आपनच जास्त फिरलो आज," चौघांतला अंगद म्हणाला.  सिमरनने खिळा आणि दगड घेतला, काढलेल्या झाकणाला बटणाएवढं भोक पाडलं, कानस मारून कड घासली. झाकण परत बसवलं; तारा झाकल्या, बटण भोकातून बाहेर आलं. सात खूश, अकरा खूश.

तोवर दोन वाजून पाच मिनिटं झाली होती.

"तपासणी दोनला बंद," साहेब कागद आवरत म्हणाले. "हे आधीच विचारायचं ना!"

सिमरनने मान खाली घातली. सर उठले. मोबाईल काढून त्यांनी पहिला ईमेल साहेबांपुढे धरला. अडीच महिन्यांपूर्वीचा.

"वाचा. बटण झाकणाच्या आत चालेल का, एवढंच विचारलंय. पोरीला आता खेळायला मिळणार नाही, कळलं मला. पण मी इथून हलणार नाही. चालेल का नाही? आणि ते तेव्हा का नाही सांगितलंत? बोला."