घरचा माणूस

विमा कंपनीत त्याला सगळे छाननीस म्हणत. पदाचं नाव वेगळं होतं, लांबलचक आणि कुणाच्या लक्षात न राहणारं. पण घराच्या नुकसानभरपाईचे दावे छाननीला त्याच्याच टेबलावर येत, म्हणून छाननीस. कुठे पाइप फुटून लाकडी जमीन फुगली, कुठे कुलूप अडकून दार तोडावं लागलं, कुठे नळ ठिबकून ठिबकून खालच्याच्या छताला ओल आली. घर किती प्रकारांनी बिघडू शकतं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. आणि हे सगळं कागदावर, बरं का. पान्याची मूठ कुठल्या बाजूला असते हेसुद्धा त्याला पान्याच्या चित्रावरूनच माहीत.

तर अशा माणसाने घरदुरुस्तीची वेबसाइट काढली. आधी सुट्टीच्या दिवशी, मग रोज संध्याकाळी. नाव ठेवलं 'हातासरशी'. पण छाननीसाच्या नावावर दुरुस्तीचे सल्ले कोण वाचणार? म्हणून त्याने एक माणूस रचला. या धंद्यात सगळेच रचतात. हा माणूस नोकरी सोडून बायको-लेकीसाठी घरी राहिलेला, हाताला काम नसेल तर चैन न पडणारा, जरा थट्टेखोर. प्रत्येक लेखाखाली सही असायची: 'घरचा माणूस'. लोकांना तो भलताच आवडला. जाहिराती यायला लागल्या, आणि एका सोमवारी छाननीसाने टेबलाचा खण रिकामा करून राजीनामा दिला.

"हातचं सोडून पळत्याच्या पाठी," मेहुणा म्हणाला. मेहुण्याला असलं बोलल्याशिवाय चहा पचत नसे.

बायको मात्र पाठीशी उभी राहिली. ती दवाखान्यात एक्स-रे काढायची, आणि माणसाच्या आत काय आहे ते बघायची तिला सवय होती. "मागची खोली घे तुला," ती म्हणाली. "माझी एकच अट आहे. घरात असशील तर घरात अस."

"म्हणजे काय, घरीच तर असणार!"

"तसं नव्हे रे," ती म्हणाली, आणि पुढे समजावत बसली नाही.

तो घरात होता, म्हणजे मागच्या खोलीत होता. दार लावून. महिन्यातले काही दिवस बसून तो लेखांचा ढीग लिहून काढायचा आणि प्रत्येकाला पुढची तारीख लावून ठेवायचा. त्या त्या सकाळी लेख आपोआप प्रसिद्ध व्हायचा. उरलेला वेळ आकडे बघण्यात जायचा: किती लोक आले, किती थांबले, कुठल्या ओळीवरून पळाले. लेक दारावर टकटक करायची आणि उत्तर यायचं, "पाच मिनिटं, चिमणे." चिमणीला घड्याळ नुकतंच कळायला लागलं होतं, त्यामुळे बापाची पाच मिनिटं तिला फार लवकर समजली.

पहिल्यांदा नळ झाला. मोरीतला नळ वर्षभर ठिबकत होता. एके दिवशी बायको कामावरून आली, हात धुतले आणि खोलीत डोकावून म्हणाली, "शेवटी केलास की रे नळ! मला वाटलं होतं, नातवंडांच्या मुंजी होईपर्यंत ठिबकणार तो."

टोमणा असेल म्हणून तो नुसता हसला. नंतर जाऊन पाहिलं तर नळ कोरडा ठाक. हिनेच प्लंबर बोलावला असणार आणि आता आपली फिरकी घेतेय, असं त्याने ठरवलं. शाबासकी मात्र खिशात घातली. फुकटची शाबासकी कोण परत करतो?

मग स्वयंपाकघराच्या दाराची करकर थांबली. मग खिडकीची खिट्टी बसायला लागली. प्रत्येक वेळी बायको खुशीत, आणि प्रत्येक वेळी शाबासकी याच्या खिशात. तिसऱ्या खेपेला त्याने वेबसाइट उघडली आणि तारखा पाहिल्या. नळाचा लेख ज्या सकाळी लागला त्याच दिवशी नळ. दाराचा लागला त्या दिवशी दार. 'आज मी आमच्या घरची खिट्टी बसवली,' असं त्यानेच लिहून ठेवलं होतं.

माणसाने खरं तर इथे घाबरायला हवं होतं. पण छाननीसाला आधी हसू आलं आणि मग लोभ सुटला. आपण नुसतं लिहायचं आणि काम झालेलं बघायचं, याहून बरा नोकर कुठे मिळणार? तो लिहीत सुटला. गळका फ्लश, डुगडुगणारं टेबल, भिंतीतला पोपडा. घर कसं लख्ख झालं. वाचक लिहायचे, 'दादा, तुम्ही स्वतः हाताने करता हे वाचतानाच कळतं.' आणि त्यांना सगळ्यात आवडायच्या त्या मधूनमधून येणाऱ्या लेकीच्या गोष्टी. तसं आकडेच सांगत होते. मग त्याने सायकलीची साखळी बसवण्याच्या लेखात लिहून टाकलं: 'साखळी बसली, तसं लेकीला मागच्या अंगणात नेलं आणि शिकवूनच सोडलं.'

लेख लागला त्या दुपारी तो खोलीतच होता. जेवायलाही उठला नव्हता. खालून हाक आली, "बाबा, बघ! तू सोडलंस तरी पडले नाही!"

त्याने खिडकीतून पाहिलं. चिमणी अंगणात गोल गोल सायकल चालवत होती, आणि बघत होती ती त्याच्या खिडकीकडे नाही, अंगणाच्या दाराकडे. दारात कुणी नव्हतं. निदान त्याला तरी कुणी दिसलं नाही.

संध्याकाळी फिरायला निघाल्यावर तिने त्याचा हात धरला आणि लगेच सोडला.

"काय गं?"

"तुझा हात असा काय झाला?"

"कसा?"

"मऊ," ती म्हणाली. "दुपारी खरखरीत होता." आणि फ्रॉकला हात पुसला.

त्याने आपला तळहात उलटून पाहिला. इथे तरी तो सावरला असता, पण रंगाचा लेख आधीच तारीख लावून बसला होता. बैठकीची खोली नवराबायकोने मिळून कशी रंगवावी, असा. त्यात त्याने हौसेने लिहिलं होतं, 'हातात ब्रश असला की माणसं मनातलं बोलतात. आज आमची मंडळी असंच काहीतरी बोलली, जे इतक्या वर्षांत कधी बोलली नव्हती.' काय बोलली ते लिहिलं नव्हतं. सुचलं नव्हतं, म्हणून.

लेख लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी भिंती फिकट पिवळ्या होत्या. बायको चहा घेऊन त्याच्या खोलीत आली. कधी येत नसे. त्याच्या खांद्यावर हात ठेवून जराशी उभी राहिली.

"काल तुला सांगितलं ना, ते तुझ्यापाशीच ठेव हं," ती म्हणाली. "आईलासुद्धा माहीत नाही ते."

"काय?" तो म्हणाला.

ती हसली. तिचे डोळे भरून आले होते. "शहाणा आहेस," म्हणाली, आणि गेली.

तो खुर्चीत बसून राहिला. त्याच्या बायकोने आयुष्यभर मनात दडवलेली गोष्ट सांगितली होती, विश्वासाने, रडून, आणि ती दुसऱ्या कुणीतरी ऐकली होती. आता ती पुन्हा सांगणार नव्हती, आणि याला विचारायची सोय नव्हती. नळ गेला, खिट्टी गेली, त्याचं त्याला काही वाटलं नव्हतं. हे गेलं त्याचं वाटलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, तो कधीच आत शिरून बसला होता. आणि बीळ खणून, झाडून, पुसून कुणी दिलं? यानेच की!

त्याने पुढचे सगळे लेख काढून टाकले. दुसऱ्या सकाळी त्यातला एक ठरल्या वेळी लागला, आणि खाली वाचकांची कौतुकंसुद्धा आली. मग त्याने वेबसाइटच बंद केली. ती त्याच्यापुरतीच बंद झाली. मेहुण्याचा फोन आला, "आजचा फळीचा लेख वाचला. जमतंय की तुला!"

फळी! छाननीस ताडकन उठला. घरातल्या बोळात लावायची राहिलेली फळी अजून भिंतीला टेकून उभी होती. त्याने शेजाऱ्याकडून ड्रिल आणलं, भिंतीला नको तिथे दोन भोकं पाडली, अंगठा सोलून घेतला आणि दुपारपर्यंत फळी लावली. वाकडी. पण लागली. आणि तशीच राहिली, कुणी सरळ केली नाही. म्हणजे आपण आधी हात घातला तर त्याला घालता येत नाही! इतक्या महिन्यांत इतका आनंद त्याला झाला नव्हता.

चिमणीने मान तिरकी करून पाहिलं. "ही तू लावलीस? नेहमीसारखी नाही झाली."

"मीच लावली," तो म्हणाला. "मीच, चिमणे."

आता रांगेत एकच लेख उरला होता, उद्याचा. फार पूर्वी एका झपाट्यात लिहिलेला, 'मागची खोली रिकामी करताना'. त्याने तो आठवून पाहिला. 'अडगळीला दया दाखवू नका. जे काही कामाचं नाही, नुसतं जागा अडवून बसतं, ते उचला आणि दाराबाहेर काढा. मी आज काढलं. ती खोली आता लेकीची.' सोपं काम होतं. हे झालं की घरच्या माणसाचं काम संपलं, आणि मग आपण घरात असू. बायको म्हणाली होती तसे.

सकाळी दोघी बाहेर पडल्या, तसं त्याने जुने कपडे चढवले आणि कंबर कसली. लेख लागायच्या आत पहिली खेप खाली होती. कपाट, फायली, वायरींची भेंडोळी, ते टेबल. जिने उतरून, अंगण ओलांडून, भंगारवाल्याच्या टेम्पोपर्यंत. शेवटी कॉम्प्युटर उचलला आणि स्वतःच्या हाताने भंगारात ठेवला. तळहाताला फोड आले होते. ते त्याने कौतुकाने पाहिले. आता चिमणीने हात धरून पाहावा.

टेम्पोत सामान लावता लावता त्याला दोघी परत येताना दिसल्या. त्याने हात हलवला. बायकोने ओळख नसलेल्या माणसाकडे बघून हसावं तसं अर्धवट हसून मान हलवली आणि दोघी वर गेल्या.

किल्ली चांगल्या कपड्यांत राहिली होती. त्याने बेल वाजवली.

दार चिमणीने उघडलं. आतून ताज्या रंगाचा वास आला. तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मागे वळून ओरडली, "बाबा! सामान न्यायला काका आलेत!"

"त्यांना म्हणावं, एक खुर्ची राहिलीय," मागच्या खोलीतून आवाज आला. आवाज त्याचाच होता. फक्त त्याला कसलीही घाई नव्हती. "आणि आधी पाणी विचार त्यांना."

बायको पाणी घेऊन आली. "दमलात ना? बसा जरा."

ते 'दमलात' ऐकून त्याने पेला तसाच खाली ठेवला. "अगं," तो म्हणाला, "मी..."

ती थांबली, त्याचं बोलणं संपायची वाट बघत. परक्या माणसाचं ऐकून घ्यावं तशी, अगदी सौजन्याने. त्याला तिची एखादी अशी गोष्ट सांगायची होती, जी फक्त नवऱ्यालाच माहीत असेल. तशी एक होती. तीच त्याला माहीत नव्हती.

त्याने बोळाकडे बोट दाखवलं. "ती फळी..."

"हो ना, कुणी लावलीय कोण जाणे," ती म्हणाली. "बरं झालं आठवण केलीत. तीही घेऊन जा."

आत स्क्रू फिरल्याचा आवाज झाला, दोनदाच, सराईत हाताचा. चिमणीने खुर्ची ओढत आणली, वर फळी ठेवली, आणि देता देता तिची नजर त्याच्या तळहाताकडे गेली.

"फोड आलेत तुम्हाला. सवय नाही का?"

"नाही," तो म्हणाला. "आजच सुरू केलं."

"होते सवय," चिमणी समजावून म्हणाली. "माझ्या बाबांना विचारा."